आकार्यतेचे गणित आणि गावातील बांधकाम

(ग्रामीण भागातील बांधकामांच्या देखरेखीशी संबंधित पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बांधकामावर सळया बांधण्यासाठी वापरली जाणारी बारीक तार सर्वांच्या परिचयाची आहे. या तारेचा वीतभर तुकडा हाती घेऊन किंचित वाकवला आणि सोडला, तर तो पूर्ववत सरळ होतो. अधिक वाकवला, तर सोडल्यावर थोडासा मागे येतो, पण पूर्णपणे सरळ होत नाही. काही वाक कायमचा राहतो. याउलट फळ्यावर लिहिण्याचा खडू वाकवू पाहिल्यास तो वाकत नाही. एका मर्यादेपर्यंत त्यात कोणताच बदल दिसत नाही आणि मग एकाएकी त्याचे दोन तुकडे होतात. तार आणि खडू यांच्यातील हा फरक वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु भूकंपाच्या वेळी शाळेच्या इमारतीतील मुले सुखरूप बाहेर पडतील की नाही, हे पुष्कळदा याच फरकावर अवलंबून असते.

पदार्थावर पडलेला भार एका मर्यादेपलीकडे गेला की त्याचा आकार कायमचा बदलतो. हा बदल केव्हा सुरू होतो, कोणत्या दिशेने होतो आणि कोठवर होऊ शकतो, याचे गणित मांडण्याचे काम गेली दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. आज इमारतींचे जे आराखडे मंजूर होतात त्यांच्या मुळाशी हे गणित आहे. या गणिताने काही सवलती दिल्या आहेत आणि त्या सवलतींच्या बदल्यात काही अटीही घातल्या आहेत. सवलत आराखड्यात घेतली जाते. अटींचे पालन मात्र प्रत्यक्ष कामावर व्हावे लागते. आराखडा आणि काम यांचा हा संबंध स्पष्ट करणे, हा या व्याख्यानाचा हेतू आहे.

स्थितिस्थापकता आणि आकार्यता

भार काढून घेतल्यावर मूळ आकार परत मिळविण्याच्या गुणधर्मास स्थितिस्थापकता म्हणतात. भार काढल्यानंतरही नवा आकार टिकून राहण्याच्या गुणधर्मास आकार्यता म्हणतात. न तुटता बरेच ताणले जाण्याची धातूची क्षमता म्हणजे तन्यता.

स्थितिस्थापकतेचा नियम इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने १६७८ मध्ये प्रसिद्ध केला. भार दुप्पट केला की लांबीतील वाढही दुप्पट होते, असा हा सरळ नियम आहे. पदार्थाच्या दर चौरस मिलिमीटर छेदावर पडणाऱ्या बलास प्रतिबल म्हणतात आणि मूळ लांबीच्या प्रमाणात लांबीत झालेल्या बदलास विकृती म्हणतात. या दोन संज्ञा लक्षात ठेवल्या की पुढील विवेचन अवघड वाटणार नाही.

साध्या मऊ पोलादाची एक मीटर लांबीची सळई उदाहरणादाखल घेता येईल. तिच्या दर चौरस मिलिमीटरला सुमारे २५० न्यूटन इतके बल पडेपर्यंत ती हूकच्या नियमाप्रमाणे वागते. दहा मिलिमीटर जाडीच्या सळईला हे ओझे साधारण दोन टन होते. तोपर्यंत ती केवळ सव्वा मिलिमीटर लांब झालेली असते. भार काढला की तेवढीही वाढ नाहीशी होते. त्यापुढे मात्र सळई नमू लागते. बलात फारशी वाढ न होताही तिची लांबी वाढत जाते आणि चांगल्या प्रतीची सळई तुटण्यापूर्वी सुमारे २० टक्के, म्हणजे २०० मिलिमीटरपर्यंत लांब होते. सव्वा मिलिमीटर आणि २०० मिलिमीटर यांच्यातील अंतर १६० पटींचे आहे. पोलादाचे खरे भांडवल या अंतरात साठविलेले आहे. काँक्रीटजवळ असे भांडवल नाही. वाकताना त्याच्या दबल्या बाजूची विकृती सुमारे ०.३५ टक्क्यांपर्यंत गेली की ते चिरडते, आणि ताणाखाली तर ते त्याहून कितीतरी आधी तडकते. या हिशेबाने पोलाद तारेच्या बाजूला, तर काँक्रीट खडूच्या बाजूला बसते.

धातूची स्मृती

तांबट मंडळींना आकार्यतेची दुसरी बाजू पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. तांब्याच्या घागरीवर हातोडीने जे मठारकाम केले जाते ते केवळ शोभेसाठी नसते. प्रत्येक ठोक्याबरोबर पत्रा किंचित कायमचा बदलतो आणि त्याच वेळी अधिक कठीण होतो. घडवताना पत्रा फारच कठीण झाला, तर तो तापवून पुन्हा मऊ करावा लागतो. अन्यथा त्याला तडा जातो. धातू पूर्वी किती ठोकला गेला आहे यावर पुढच्या ठोक्याला तो कसा वागेल हे ठरते. थोडक्यात, धातूला स्मृती असते.

या स्मृतीमुळेच आकार्यतेचे गणित हूकच्या नियमापेक्षा वेगळे करावे लागते. स्थितिस्थापक मर्यादेत आज किती भार आहे एवढे कळले की सळईची आजची लांबी सांगता येते. काल काय घडले हे विचारावे लागत नाही. मर्यादा ओलांडल्यावर मात्र आजच्या भारावरून आजची लांबी सांगता येत नाही. आधी किती भार आला, तो कधी उतरला, उलट दिशेने कधी पडला, हा सारा इतिहास पाहावा लागतो. ग्रामपंचायतीच्या रोकडवहीशी याची तुलना करता येईल. आजच्या जमेवरून शिल्लक कळत नाही. आरंभीच्या शिल्लकेपासून एकेक नोंद पुढे न्यावी लागते. आकार्यतेची समीकरणेही अशीच लिहिली जातात. भारात थोडी वाढ झाली, तर कायम विकृतीत किती भर पडली, हे पायरीपायरीने काढले जाते आणि प्रत्येक पायरीची शिल्लक पुढील पायरीला आरंभीची शिल्लक म्हणून घेतली जाते.

मर्यादा केव्हा ओलांडली जाते

या शास्त्राची सुरुवात धातूपासून नव्हे, मातीपासून झाली. शार्ल कूलोम हा फ्रेंच लष्करी अभियंता वेस्ट इंडीजमधील मार्टिनिक बेटावर किल्ल्याच्या बांधकामावर होता. मातीचा भराव धरून ठेवणारी भिंत किती जाड असावी, हा त्याच्यापुढील व्यावहारिक प्रश्न होता. १७७३ मध्ये त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे आपला निबंध मांडला. माती एका तिरप्या पातळीवर घसरते आणि त्या घसरणीला मातीचा चिकटपणा व घर्षण असे दोन विरोध असतात, हा त्याचा सिद्धांत होता. रस्त्याच्या कडेच्या संरक्षक भिंतीच्या हिशेबात तो आजही उपयोगी पडतो.

धातूच्या बाबतीत पहिले महत्त्वाचे प्रयोग आंरी त्रेस्का या फ्रेंच अभियंत्याने केले. शिसे आणि इतर धातू साच्यातून प्रचंड दाबाने ढकलले असता ते घनरूपातच जणू प्रवाहासारखे वाहतात, असे त्याला आढळले. १८६४ मध्ये त्याने या प्रयोगांचा वृत्तांत अकादमीला सादर केला. एका थराला दुसऱ्या थरावरून सरकवू पाहणारे जे बल असते त्यास कर्तन प्रतिबल म्हणतात. हे कर्तन प्रतिबल ठरावीक मर्यादेला पोहोचले की धातू नमतो, असा त्रेस्काचा नियम आहे. पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावर ज्या ७२ शास्त्रज्ञ व अभियंत्यांची नावे कोरली आहेत त्यांत त्रेस्काचेही नाव आहे. त्याच्या प्रयोगांवरून सां-व्हेनां आणि मोरिस लेव्ही यांनी १८७० च्या सुमारास पहिली समीकरणे लिहिली.

पुढे १९०४ मध्ये पोलंडच्या ह्यूबर याने व १९१३ मध्ये रिखार्ड फॉन मीझेस याने दुसरा नियम मांडला. तुळईतील किंवा यंत्राच्या भागातील एखाद्या ठिकाणी तिन्ही दिशांनी वेगवेगळी प्रतिबले पडत असतात. तिन्ही दिशांनी सारखाच दाब असेल तर धातू फक्त किंचित आकसतो. त्याचा आकार बिघडत नाही. आकार बिघडतो तो या प्रतिबलांमधील फरकांमुळे. मीझेसच्या नियमात तिन्ही फरकांचे वर्ग एकत्र घेऊन एकच संख्या काढली जाते आणि ती साध्या ताणातील मर्यादेशी ताडून पाहिली जाते. धातूला केवळ पीळ दिला असता तो ताणातील मर्यादेच्या निम्म्यावर नमेल, असे त्रेस्काचा नियम सांगतो. मीझेसच्या नियमाप्रमाणे हे प्रमाण सुमारे ५८ टक्के येते. दोहोंतील जास्तीत जास्त अंतर सुमारे १५ टक्क्यांचे आहे. कोणता नियम निसर्गाला अधिक मान्य आहे, हे जी. आय. टेलर व क्विनी यांनी १९३१ मध्ये तांबे, ॲल्युमिनियम व मऊ पोलाद यांच्या नळ्यांना एकाच वेळी ताण व पीळ देऊन तपासले. निष्कर्ष मीझेसच्या नियमाच्या जवळ आले.

गणिताची तीन अंगे

आकार्यतेच्या कोणत्याही गणिती प्रतिरूपाची तीन अंगे असतात. पहिले अंग सीमेचे. पदार्थ केव्हा नमू लागेल, हे ते सांगते. दुसरे अंग दिशेचे. नमू लागलेला पदार्थ कोणत्या दिशेने व कोणत्या प्रमाणात बदलेल, हे त्यावरून कळते. प्रांट्ल याने १९२४ मध्ये आणि रॉइस याने १९३० मध्ये परत येणारी विकृती व कायम राहणारी विकृती यांची बेरीज एकाच समीकरणात बसविली. तिसरे अंग स्मृतीचे. धातू जसजसा बदलतो तसतशी त्याची सीमाही सरकते, आणि ती कशी सरकते हे या अंगात सांगितलेले असते.

स्मृतीचे अंग सर्वांत अवघड आहे. म्यूनिक येथील योहान बाउशिंगर याने १८८० च्या दशकात दाखवून दिले की, धातू एका दिशेने ताणून कायमचा लांब केला आणि मग उलट दाबला, तर तो नेहमीपेक्षा कमी बलाला नमतो. भूकंपात इमारत एकदा डावीकडे व एकदा उजवीकडे झुकते. त्यामुळे बाउशिंगरचे हे निरीक्षण भूकंपशास्त्रीय अभियांत्रिकीत फार मोलाचे ठरले.

धातू न तुटता असा वाहतो तरी कसा, याचे उत्तर १९३४ मध्ये मिळाले. टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे एकच कल्पना मांडली. धातूतील अणूंचे थर एकदम एकमेकांवरून सरकावयाचे झाले, तर प्रत्यक्ष लागते त्याच्या शेकडो पट, कधी हजार पट बल लागले असते. परंतु स्फटिकांच्या रचनेत काही रेषांवर अणूंची मांडणी चुकलेली असते आणि ही चूक एकेका ओळीने पुढे सरकत जाते. मोठी सतरंजी एकदम ओढावयास जोर लागतो. पण तिच्यात एक घडी पाडून ती घडी पुढे ढकलत नेली, तर सतरंजी सहज सरकते. धातूमध्येही असेच घडते. अशा अनेक घड्या एकमेकींत गुंतल्या की पुढे सरकणे कठीण होते. तांबटाच्या ठोक्यांनी पत्रा कठीण होतो तो यामुळे. १९५६ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या रेषा प्रत्यक्ष हलताना पाहता आल्या.

तुळईला मिळालेली सवलत

हे गणित बांधकामाला कसे उपयोगी पडते, हे एका साध्या तुळईवरून समजेल. दोन्ही टोके भिंतीत घट्ट बसविलेल्या पोलादी तुळईवर सारखा भार टाकला, तर तिच्या टोकांशी येणारे वाकविणारे बल मध्यभागाच्या दुप्पट असते. म्हणून टोके आधी नमतात. जुन्या पद्धतीच्या हिशेबात हीच तुळईची अखेरची मर्यादा मानली जाई. हा भार १२ भाग आहे असे समजू या. प्रत्यक्षात मात्र टोके नमली तरी ती तुटत नाहीत. ती गंजलेल्या बिजागरीप्रमाणे आपला विरोध कायम ठेवून थोडी फिरतात. पुढचा भार मग मध्यभाग उचलतो. मध्यभागही नमेपर्यंत भार १६ भागांपर्यंत गेलेला असतो. म्हणजे तुळई एक तृतीयांश अधिक भार घेते आणि तोवर इतकी वाकलेली असते की खालच्या माणसाला धोका डोळ्यांनी दिसतो. हंगेरीच्या गाबोर काझिन्सी याने १९१४ मध्ये प्रयोगांनी हे दाखविले.

या विचाराचा सर्वांत परिणामकारक उपयोग दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये झाला. ब्रिस्टलचे प्राध्यापक जॉन बेकर यांनी घरातच ठेवता येईल असा मेजासारखा पोलादी निवारा तयार केला. १९४१ पासून तो ‘मॉरिसन निवारा’ या नावाने लाखो घरांत वाटण्यात आला. बॉम्बस्फोटात घर कोसळले तरी निवारा अभंग राहावा, असा बेकर यांचा आग्रह नव्हता. निवारा वाकावा, वाकताना कोसळणाऱ्या घराची ऊर्जा आपल्यात जिरवावी आणि आतील माणसाला पुरेशी जागा उरावी, एवढेच त्यांचे गणित होते. वाकलेला निवारा फेकून देता येतो. आत झोपलेले कुटुंब वाचले पाहिजे, हा त्यामागील विचार होता.

भूकंप आणि पाचाने भागाकार

महाराष्ट्राला भूकंप नवा नाही. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगर परिसर हादरला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी व आसपासची गावे उद्ध्वस्त होऊन हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळच्या भूकंप नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या विभागात मोडत होता. तेथील बहुतेक घरांच्या भिंती मातीत रचलेल्या दगडांच्या व पुष्कळ जाड होत्या आणि त्यांवर लाकूड-मातीचे जड छत होते. त्या भिंती दुबळ्या दिसत नव्हत्या; परंतु त्यांच्यात वाकण्याची शक्ती नव्हती. धक्का बसताच दगड सुटे झाले आणि छत खाली आले. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छच्या भूकंपात अहमदाबादसारख्या दूरच्या शहरातील काही काँक्रीटच्या बहुमजली इमारतीही कोसळल्या. काँक्रीटमध्ये सळया घातल्या म्हणजे इमारत आपोआप भूकंपाला तोंड देते, असे नाही, हे त्यावरून सर्वांच्या लक्षात आले.

मोठ्या भूकंपात इमारतीवर येणारे बल इतके असते की ती किंचितही न नमता उभी राहावी असे ठरविले, तर खांब व तुळया अवाढव्य होतील आणि खर्च कोणालाच परवडणार नाही. म्हणून अभियंता आकार्यतेचा आधार घेतो. तुळयांची टोके नमतील, पुन्हा पुन्हा मागेपुढे वाकतील आणि भूकंपाची ऊर्जा जिरवतील, असे तो गृहीत धरतो. वाकताना जिरलेल्या ऊर्जेचा फार मोठा भाग, धातूंच्या बाबतीत सुमारे ९० टक्के, उष्णतेत बदलतो. बांधणीची तार भराभर मागेपुढे वाकवून बोट लावले, तर वाकलेल्या जागी ती गरम लागते, कारण हेच.

या गृहीतावर भारतीय मानकाने अभियंत्याला सवलत दिली आहे. आय. एस. १८९३ या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे, पुरेपूर तन्यता राखून बांधलेल्या काँक्रीट चौकटीसाठी भूकंपाचे हिशेबी बल ५ ने भागले जाते. साध्या चौकटीसाठी ते ३ ने भागले जाते. म्हणजे तन्य चौकटीचा आराखडा, ती मुळीच नमली नसती तर जे बल धरावे लागले असते, त्याच्या पाचव्या हिश्शासाठी केलेला असतो. उरलेले चार हिस्से वाकण्याच्या भरवशावर सोडलेले असतात. रोकडवहीच्या भाषेत सांगावयाचे तर पोलादाच्या तन्यतेची रक्कम आराखड्यातच जमेस धरून खर्ची टाकलेली असते. कामावर ती रक्कम प्रत्यक्ष भरली गेली नाही, तर इमारत बांधून पूर्ण झालेली दिसते, परंतु तिचा जमाखर्च जुळलेला नसतो. ही तूट वर्षानुवर्षे दिसत नाही. ती भूकंपाच्या दिवशी दिसते.

सवलतीच्या अटी

ही रक्कम भरण्याच्या अटी आय. एस. १३९२० या मानकात दिल्या आहेत. किल्लारीचा भूकंप झाला त्याच वर्षी, १९९३ मध्ये, ते प्रथम प्रसिद्ध झाले आणि २०१६ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. त्यांतील काही अटी पाहण्यासाठी अभियंता असावे लागत नाही; मोजपट्टी आणि डोळे पुरेसे आहेत.

पहिली अट रिंगांची. खांबातील उभ्या सळयांभोवती ज्या रिंगा घालतात त्या केवळ सळया जागेवर धरण्यासाठी नसतात. काँक्रीट दबू लागले की बाजूंना फुगू पाहते. जवळजवळ बसविलेल्या रिंगा त्याला पोटाशी आवळून धरतात आणि आवळलेले काँक्रीट मोकळ्या काँक्रीटपेक्षा कितीतरी अधिक विकृती सोसते. खडूसारखा पदार्थ काही अंशी तारेसारखा वागू लागतो. म्हणून खांबाच्या वरच्या व खालच्या टोकांशी, जेथे वाकण्याचा संभव सर्वाधिक असतो तेथे, रिंगांतील अंतर १०० मिलिमीटरपेक्षा अधिक असू नये आणि खांब व सळया बारीक असतील तर ते याहूनही कमी ठेवावे, असा नियम आहे.

दुसरी अट रिंगेच्या आकड्याची. आकडा नुसता काटकोनात वळविला, तर बाहेरचे काँक्रीट निखळताच तो उघडतो आणि रिंग निरुपयोगी होते. म्हणून तो १३५ अंशांत, म्हणजे काटकोनापुढे आणखी अर्धा काटकोन, आतल्या काँक्रीटमध्ये वळविला पाहिजे आणि त्याचे टोक रिंगेच्या जाडीच्या सहा पट, निदान ६५ मिलिमीटर, आत राहिले पाहिजे. आराखड्यातील पाचाचा भागाकार पुष्कळ अंशी या बोटभर आकड्यावर उभा असतो.

तिसरी अट सळईच्या प्रतीची. बाजारात सळईची प्रत ४१५, ५००, ५५० अशा आकड्यांनी सांगितली जाते. हा आकडा सळई किती प्रतिबलाला नमते हे सांगतो. किती ताणली जाते हे सांगत नाही. आय. एस. १७८६ च्या २००८ च्या आवृत्तीप्रमाणे ५०० प्रतीच्या सळईची तुटण्यापूर्वीची लांबीतील वाढ निदान १२ टक्के असली पाहिजे. त्याच आकड्यापुढे ‘डी’ हे अक्षर असेल, तर ती निदान १६ टक्के असली पाहिजे. तन्य बांधकामासाठी ही वाढ १४.५ टक्क्यांहून अधिक असलेली ५०० प्रतीची सळई लागते. मोठा आकडा म्हणजे चांगली सळई, ही समजूत या ठिकाणी फसवी ठरते. पुरवठा आदेशात केवळ आकडा न लिहिता अक्षरही लिहिले पाहिजे आणि चाचणी प्रमाणपत्रात लांबीतील वाढीचा रकाना वाचला पाहिजे.

चौथी गोष्ट ‘जास्त लोखंड’ घालण्याची. आराखड्यात दाखविल्यापेक्षा जाड सळया घातल्या म्हणजे काम अधिक मजबूत झाले, असे पुष्कळदा अभिमानाने सांगितले जाते. तुळईच्या बाबतीत हे नेहमीच खरे नसते. तुळईत सळया बेताच्या असतील, तर आधी पोलाद नमते, भेगा रुंदावतात, तुळई झुकते आणि माणसांना बाहेर पडण्यास वेळ मिळतो. सळया प्रमाणाबाहेर वाढविल्या, तर पोलाद नमण्यापूर्वीच वरच्या बाजूचे काँक्रीट चिरडते आणि तुळई पूर्वसूचना न देता कोसळते. म्हणूनच आय. एस. ४५६ या मानकात तुळईच्या छेदाचा किती भाग दबावाखाली येऊ द्यावा यावर कमाल मर्यादा घातलेली आहे. आराखड्यात बदल करावयाचा असेल, तर तो आराखडा करणाऱ्या अभियंत्यानेच करावा. मुकादमाने किंवा देणगीदाराने नव्हे.

पाचवी गोष्ट वाकवून सरळ केलेल्या सळयांची. खांबाच्या बाहेर राहिलेल्या सळया अडचण होते म्हणून वाकवून ठेवणे आणि वर्ष-दोन वर्षांनी मजला चढविताना ठोकून सरळ करणे, हा प्रकार अनेक ठिकाणी दिसतो. सळईच्या जाडीच्या चौपट व्यासाच्या खुंटीभोवती ती वाकविली, तर तिच्या बाहेरच्या पृष्ठभागावरील विकृती २० टक्के होते. ही विकृती पृष्ठभागापुरती असल्याने चांगली सळई ती सोसते. मात्र सळई सरळ केली म्हणजे हिशेब शून्यावर येत नाही. गणिताच्या तिसऱ्या अंगात कायम विकृतीची बेरीजच होते, वजाबाकी होत नाही. वाकविण्याचे २० आणि सरळ करण्याचे २० मिळून ४० होतात. डोळ्यांना सळई पूर्ववत सरळ दिसते, परंतु भूकंपासाठी राखून ठेवलेली शिल्लक तिने आधीच खर्च केलेली असते. खुंटी बारीक असेल किंवा सळईवर गंज चढलेला असेल, तर ती तेथेच तडकण्याचाही संभव असतो.

ज्या ठिकाणी काँक्रीटची चौकट नाही, साध्या दगड-विटांच्या भिंती आहेत, तेथेही हाच विचार लागू पडतो. दगड-विटांना स्वतःची तन्यता नसते. ती बाहेरून पुरवावी लागते. जोते, दरवाजा-खिडक्यांची वरची पातळी व छत यांच्याशी सर्व भिंतींना बांधून घेणारा सलग पट्टा घातला, तर भिंती एकमेकींपासून सुटत नाहीत. यासंबंधीच्या मार्गदर्शक सूचना १९९३ च्या आय. एस. १३८२८ या मानकात आहेत.

शिक्षकांचे आणि पंचायतींचे कार्य

हे सारे गणित आज संगणकावर सोडविले जाते. मोटारीच्या दाराचा पत्रा साच्यात दाबल्यावर किती मागे येईल, धरणाची भिंत धक्क्याला कशी वागेल, हे लहान लहान भागांत विभागून पायरीपायरीने काढता येते. परंतु संगणकाला जे सांगितले जाते ते आराखड्यातील बांधकाम असते. गावात उभे राहिलेले बांधकाम नव्हे. दोहोंत अंतर पडले, तर ते दाखविण्याचे सामर्थ्य कोणत्याही समीकरणात नाही. ते सामर्थ्य स्लॅब ओतण्यापूर्वी, सळया उघड्या असताना, कामावर जाऊन उभ्या राहणाऱ्या माणसाजवळ असते. काँक्रीट पडल्यावर रिंगेचा आकडा कोणालाही दिसत नाही.

यासाठी काँक्रीट ओतण्याच्या आदल्या दिवशी पंचायतीच्या सदस्यांनी शाखा अभियंत्यासमवेत पाहणी करावी. रिंगांतील अंतर मोजावे, निदान दहा आकडे डोळ्यांखालून घालावेत, सळईवरील प्रतीची खूण प्रमाणपत्राशी ताडून पाहावी आणि पाहणीची नोंद तारखेसह करावी. यास तासाभराहून अधिक वेळ लागू नये. शिक्षकांनी वर्गात तार आणि खडू यांचा प्रयोग अवश्य करून दाखवावा. तो विनाखर्चाचा आहे, आणि ज्या मुलाने एकदा तो केला त्याला आकार्यता म्हणजे काय हे पुन्हा सांगावे लागणार नाही.

त्रेस्कापासून बेकरपर्यंतच्या संशोधकांनी पदार्थाने किती वाकावे आणि तरीही मोडू नये, याचा हिशेब बसविला. त्या हिशेबातील शेवटची नोंद मात्र गावातील कामावरच होते. ती नोंद बरोबर झाली, तर धक्क्यानंतर शाळेची इमारत तडकलेली असेल, झुकलेली असेल, कदाचित पाडूनही टाकावी लागेल. परंतु तिच्यातील मुले तोवर मैदानात येऊन उभी राहिलेली असतील.